आप्पांची झाकलेली टाकी

साळवडीचे सरपंच दौलतआप्पा नव्या चालकांना सुरक्षेचे धडे द्यायला मोटरसायकलवरून आले, तेही बोडक्या डोक्यानं. म्हणाले, "हेल्मेट नवशिक्यांना! आम्ही मुरलेले गडी. माझं काय चुकतं ते सांगा, आत्ता घालतो."

नुकतंच लायसन्स मिळालेली मृणाल उठली.

"आप्पा, तुमचं काहीच चुकत नाही. टाकीला मखमली कव्हर आहे. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. जपण्यासारखं सगळं तुम्ही झाकलंय. डोकं तेवढं उघडं ठेवलंय, ते तुम्ही किंमत बघूनच ठेवलं असणार."

मंडप हसत सुटला. आप्पा परतताना तिचंच हेल्मेट मागून, घालून गेले. डोक्यात काहीतरी आहे, याचा दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता ना!