आईच्या नावाचा सरडा

“म्हणजे त्याला मारल्याशिवाय त्याचं नाव ठरणार नाही?” एलिसेओ आजोबांनी विचारलं.

इक्वेडोरच्या डोंगरी जंगलात लोकांना वाट दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“बरणीत घालून न्यावाच लागेल,” श्रीरंग म्हणाला. तो चिपळूणहून इथे सरडे अभ्यासायला आला होता. त्याच्या मुठीतून एक हिरवा सरडा डोकं बाहेर काढून बघत होता. “असे आजवर तीनच सापडलेत. आणि हा त्यांच्या जातीचाही नाही. त्या तिघांच्या शेपटीवर काटेरी खवले आहेत. याची बघा, गुळगुळीत, करडी. नवीन जात आहे, आजोबा. मी शोधलेली.”

“नाव काय ठेवणार?”

“आईचं.”

“तिला सरडे आवडतात?”

“पाल दिसली तरी पलंगावर चढते.” श्रीरंग हसला. “पण मी तिला शब्द दिलाय.”

आजोबांनी स्पिरिटची बरणी उचलून मांडीवर घेतली. झाकण मात्र उघडलं नाही.

“गर्दीत आईला कशावरून ओळखतोस?”

“डाव्या हातावरून. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत आहे. चकचकीत.”

“जन्मापासून?”

“नाही… मी रांगत चुलीपाशी गेलो होतो. उकळतं पाणी कलंडलं. तिनं हात मध्ये घातला.”

“मग नवीन कातडी आली.”

“हो…”

मूठ सैल करून श्रीरंगनं सरड्याची शेपटी डोळ्यांजवळ नेली.

मुळाशी काटेरी खवल्यांच्या दोन ओळी होत्या. मग एक बारीक वळ. त्यापुढे सगळं गुळगुळीत, करडं.

जुनी शेपटी कुणाच्या तरी तोंडात राहिली होती. ही नंतर उगवली होती.

“हा चौथा आहे,” तो हळूच म्हणाला. “याला नाव आहे. आधीपासूनच आहे.”

श्रीरंगनं हात जमिनीला टेकवला. मूठ उघडली. सरडा थोडा वेळ तळहातावरच बसून राहिला. मग पाचोळ्यात शिरला.

“आता आईला काय सांगू?… शब्द दिला होता.”

आजोबांनी बरणी न उघडताच पिशवीत ठेवली.

“काही सांगू नकोस. तिचा तो हात असाच जवळून बघ.”