शून्य तक्रारींचा तालुका

वीज नियामक आयोगाची नव्याने घडी बसवायला सरकारने दांडगे साहेबांना धाडलं. आमच्या तालुक्यातल्या सुनावणीत साहेब म्हणाले, “तक्रारीचं यंत्र बसवलं, तीन महिन्यांत एकही तक्रार नाही! मग इथलं तक्रार कार्यालय कशाला? बंद करू.”

म्हणजे आम्हाला जिल्ह्याचे हेलपाटे! मी तावातावाने उठले, मुद्दाच विसरले आणि पदर सावरत बसले.

गिरणीवाल्या अनसूयाकाकूंनी विचारलं, “साहेब, यंत्र चालतं कशावर?”

“विजेवर!”

“मग बरोबरच आहे. वीज असते तेव्हा आमची तक्रार नसते आणि तक्रार असते तेव्हा तुमचं यंत्र बंद असतं.”

सभागृह हसलं. साहेब खाकरले. “बरं, कार्यालय राहील. तक्रारींसाठी वहीही ठेवू.”

“पेन दोरीने बांधा हं,” काकू म्हणाल्या, “आमच्याकडे विजेसारखं तेही जातं.”