भिंतीची चतुःसीमा

ज्या काळी दगडमातीचंही गाऱ्हाणं पंचायतीत ऐकलं जायचं, तेव्हाची ही गोष्ट. परसातल्या एका जुन्या भिंतीला शेजारच्या चिंचेच्या मुळानं तडा पाडला. चिंच उभी होती पंचायतीच्या जागेत, म्हणून भिंतीनं पंचायतीकडेच अर्ज ठोकला: ‘चिंच तोडा, नाहीतर मी पडेन आणि तुमच्या नावानं पडेन!’

पंचनाम्याला पंचायतीचा कारकून आला, म्हातारं कासव.

चिंच ओशाळून म्हणाली, “भिंतीबाई, मूळ वळवायला गेले, पण पलीकडे खडक लागला हो.”

“ते मला नको सांगूस!” भिंत कडाडली.

कासवानं दौत उघडली. “आधी चतुःसीमा सांगा. चारी बाजूंना काय काय आहे?”

“लिहा की! पूर्वेस विहीर.”

“ती बुजवली.”

“दक्षिणेस गोठा.”

“तो मोडून बारा वर्षं झाली.”

“उत्तरेस पाणंद.”

“तिथं आता डांबरी सडक आहे, बाई.”

भिंतीला विहिरीच्या रहाटाची कुरकुर आठवली. पाठ घासायला येणाऱ्या कपिला गाईच्या अंगाची ऊब आठवली. पाणंदीतून घराकडे परतणाऱ्या बैलांचे घुंगरू आठवले.

“आणि पश्चिमेस?” कासवानं विचारलं.

चिंचेचा पाला भिंतीच्या माथ्यावर झुलत होता, पूर्वीसारखाच.

“पश्चिमेस चिंच,” भिंत हळूच म्हणाली. “ती आहे. तेवढीच आहे.”

“मग या तड्याचं काय लिहू? नुकसान?”

“नुकसान नको, अण्णा,” भिंत म्हणाली. “तिथं चिंचेच्या मुळाची वहिवाट लिहा.”