फाटक नसलेले बेट

दूर उत्तरेच्या समुद्रात एक बेट होते आणि त्यावर एकही झाड नव्हते. झाड नाही म्हणून लाकूड नाही, आणि लाकूड नाही म्हणून कुरणाला फाटक नाही. कुरणाभोवती नुसत्या दगडांची भिंत होती. वसंतात गाय आत सोडायची वेळ झाली की बेटावरची माणसे भिंत उतरवत, गाय आत घेत आणि हाताला येईल तो दगड लावून भिंत पुन्हा रचत. त्यामुळे दर वर्षी वरचा दगड खाली जाई, खालचा वर येई. याबद्दल दगडांची काही तक्रार नव्हती.

एका वर्षी एक तांबूस दगड सगळ्यात वर आला. तिथून समुद्र दिसे, होड्या दिसत, पक्षी येऊन अंगावर बसत. हिवाळा सरेपर्यंत त्याला वाटू लागले, आपण मुळातच वरचे. बाकीचे दगड त्याला टिकोजी म्हणत, आणि त्यातली थट्टा त्याला कळत नसे. वसंत जवळ आला तशी मात्र त्याची झोप उडाली.

"यंदा कुणी हलायचं नाही," त्याने खाली बजावले. "भिंत उतरली तर वारा आत शिरेल. कुरणाचं वाटोळं होईल."

"वारा तर रोजच येतो की, फटींतून," तळाची एक चपटी शिळा म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो, आधी फटी बुजवा."

भीती भलतीच वाईट. दगडांनी फटींत खडे घेतले, माती आणि शेवाळ धरून ठेवले, आणि भिंत कशी ताठ, गुळगुळीत, देखणी झाली. माणसे गाय घेऊन आली. त्यांनी जोर लावला, पण एकही दगड हलेना. हिवाळाभर सुक्या पेंढ्यावर काढलेली गाय भिंतीशी उभी राहून हंबरत राहिली. टिकोजीने समुद्राकडे तोंड फिरवले. तिचे हंबरणे त्याला ऐकू येत नव्हते असे नाही.

दुपारी वारा आला. रोजच्या वाटा त्याला सापडेनात. तो रागावला वगैरे नाही, नुसता भिंतीला टेकला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी झाली, आणि सगळ्यात वर असल्यामुळे टिकोजी सगळ्यात लांब जाऊन पडला, थेट माणसांच्या पायाशी. गाय त्याला ओलांडून आत गेली आणि चरू लागली.

माणसांनी हसतखेळत भिंत रचायला घेतली. टिकोजी पहिला हाताला लागला, म्हणून तळाशी गेला. चपटी शिळा शेवटी उरली, ती वर बसली. तळाशी ओल होती, अंगावर सगळ्यांचा भार होता, आणि समुद्राऐवजी गाईचे तोंड दिसत होते. ती इतक्या सुखाने चरत होती की टिकोजीला बघतच राहावेसे वाटले. कित्येक दिवसांत त्याला इतके बरे वाटले नव्हते.

उन्हाळा सरला. एके दिवशी वरून चपटीचा आवाज आला, "येत्या वसंतात मात्र कुणी हलायचं नाही हं!"

टिकोजीच्या बाजूच्या फटीत एक खडा येऊन बसला होता. त्याने अंग जरासे सैल केले. खडा गळून पडला, आणि वारा आत येऊन गाईच्या कानांवरून पुढे गेला.