खुजा वाफा

घुगेबाईंच्या सातवीच्या मुलांनी शाळेमागे हरभऱ्याचे दोन वाफे केले होते. बियाणं एकच, पाणीही सारखंच. फक्त एका वाफ्यातल्या बियाण्याला पेरणीआधी कृषी खात्यानं दिलेलं जिवाणू खत चोळलं होतं. दोन महिन्यांत तो वाफा गच्च भरला, दुसरा खुजाच राहिला.

पाहणीला आलेले कृषी अधिकारी कडाडले, "बाई, आमच्या खताचा वाफा तेवढा फोटोत हवा. हा दुसरा आत्ताच्या आत्ता उपटा!"

शाळेची प्रयोगशाळा याच साहेबांच्या अहवालावर अडली होती.

तेवढ्यात वर्गातली कौसर पुढे झाली. "उपटतो, साहेब. पण मग तुमचं खत चांगलं आहे, हे कोण सांगणार?"

"हा भरलेला वाफा सांगेल की!"

"लोक म्हणतील, इथली जमीनच चांगली. तुमच्या बाजूनं साक्ष देणारा हा खुजाच आहे, साहेब, आणि तुम्ही त्यालाच उपटायला सांगताय."

साहेबांनी दोन्ही वाफ्यांकडे पाहिलं. मग खुज्या वाफ्याशी उकिडवे बसून त्यांनी हळूच विचारलं, "फरक कितव्या दिवशी दिसायला लागला?"

सातवीचा अख्खा वर्ग एकदम बोलायला लागला.