कोंसूबायच्या शेवटच्या चुलीची कहाणी

ऐक गे माउली मरिये, तुझ्या वशाची कहाणी. आटपाट गाव होतं, खाडीच्या काठी वसलेलं. तिथं कोंसूबाय नावाची क्रिस्तांव विधवा राहत होती. एकुलती एक लेक आग्नेस बाळंतपणाला माहेरी आली होती. कोंसूबायच्या हाताला गुण मोठा. तिच्यासारखी मातीची चूल पंचक्रोशीत कुणी घालीत नसे.

शेजारी धुरपा कोळीण. पण दोघींचा सात वर्षं अबोला. का म्हणाल, तर झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेली आशीर्वादाची झावळी धुरपाच्या शेळीनं खाल्ली! कोंसूबाय ओरडली, "मेलीनं देवाची झावळी खाल्ली!" धुरपा म्हणाली, "शेळीनं पाला खायचा नाही, तर काय पुजायचा?" झालं. बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग एके दिवशी वादळ आलं, खाडी गावात शिरली. घरं पडली, चुली विरघळल्या. पाद्रीबाबांनी देवळाची दारं उघडली. जात पुसली नाही, देव पुसला नाही, आल्या माणसाला पेज वाढली. तिथं कोंसूबायनं मरियामातेपुढं पदर पसरला. "माते, माझी लेक सुखरूप सुटू दे. गावातली एकूणएक चूल घालीन, आपली शेवटी घालीन."

मग पाणी ओसरलं. पाद्रीबाबांनी बांबू दिले, कौलं दिली, माणसं एकमेकांची घरं उभारू लागली. कोंसूबाय वारुळाची माती आणी, त्यात भाताचं तूस घाली, पायानं तुडवी. एकीची चूल घातली, दुसरीची घातली, साऱ्या गावाची घातली. धुरपाच्या दाराशी आली, तशी थबकली. मनात म्हणाली, "एक राहिली तर माता काय मोजायला बसलीय?" आल्या पावली फिरली. घरी आपली चूल घातली.

तों आग्नेसला कळा लागल्या. सुईण म्हणाली, "कोंसू, ऊन पाणी हवं. विस्तव आण." कोंसूबायनं एकीकडून करवंटीत विस्तव आणला, उंबऱ्याशी विझला. दुसरीकडून आणला, उंबऱ्याशी विझला. तिसरीकडून आणला, तोही विझला. कोंसूबाय मटकन खाली बसली.

दारात निळ्या लुगड्याची एक म्हातारी उभी. म्हणाली, "बाय, कुणाची चूल राहिली का गे?"

कोंसूबायला रडू कोसळलं. "राहिली, आजी. पण पोर अडलीय. तिला टाकून मी माती तुडवू?"

"लेकीपाशी मी बसते. तू जा."

जीव लेकीपाशी ठेवून कोंसूबाय मातीची पाटी घेऊन गेली. धुरपा तीन ओल्या दगडांपुढं भिजवलेले तांदूळ कोरडेच चावीत होती. आपण केलं हे, असं कोंसूबायला वाटलं, मान वर होईना. खाली बसून तिनं माती लावायला घेतली.

धुरपा म्हणाली, "आज वाट चुकलीस वाटतं!" इतक्यात कुडापलीकडून आग्नेसची किंकाळी आली. "अगं बया! लेक अडलीय, आणि तू इथं? खुळी का काय?"

"बोलले होते मातेला, धुरपे. तुझी सोडली, तिथंच चुकले."

धुरपा उठली. पदर खोचला, मातीत हात घातले. दोघींनी मिळून चूल घातली. धुरपानं डब्यात जपलेल्या तीन काड्या काढल्या. एक विझली, दुसरी विझली, तिसरीनं पेट घेतला. मग तिनं करवंटीत निखारे घेतले, पदराआड धरले, सात वर्षांनी कोंसूबायचा उंबरा ओलांडला. निखारे जिवंत राहिले. शेवटची चूल पेटली, पाणी ऊन झालं, आग्नेस सुटली, मुलगी झाली. पहिली आंघोळ धुरपानं आपल्या पायांवर घातली. कोंसूबाय म्हातारीच्या पाया पडायला वळली, तों म्हातारी कुठं आहे!

पुढं झावळ्यांचा रविवार आला. कोंसूबाय देवळातून परतली, तों दारात तीच शेळी उभी. धुरपा धावत आली, "हाड हाड! कोंसू, धर गे तिला!" कोंसूबायनं झावळी मोडली. अर्धी क्रूसाला लावली, अर्धी शेळीपुढं धरली. म्हणाली, "खा बाई. तुझ्या घरचा विस्तव माझ्या नातीनं खाल्लाय."

जशी कोंसूबायला माता पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाची चूल थंड न राहो. ही साठां उत्तरांची कहाणी, शेजारणीच्या चुलीपाशी पांचा उत्तरी सुफळ संपूर्ण.