लवूनं टाकी सांभाळली

खाडीकाठच्या एका गावात लवू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा. पण एकदा शिकला की तेच जिथेतिथे करायचा.

लवूचं लग्न काही जमत नव्हतं. शेवटी पलीकडच्या तीरावरचे पेडणेकर मास्तर कसेबसे तयार झाले. मास्तरांना समुद्री शेवाळाचं भारी वेड. लवूच्या आत्यानं घरात काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यावर, लाल-हिरवं शेवाळ वाढवलं होतं. मास्तर म्हणाले, "महिनाभर ही टाकी मुलग्यानं सांभाळावी. शेवाळ जगलं तर मुलगी दिली."

आत्या म्हणाली, "लवू, टाकीतलां पाणी आटता. रोज भर घाल."

टाकी खारी, तर भरही खारीच हवी, असं लवूला वाटलं. रोज समुद्राची कळशी आणून तो ओतू लागला. पंचवीस दिवसांत शेवाळ पांढरंफटक.

"मेल्या, पाणी आटता, मीठ थंयच ऱ्हवता! आटलेल्या जागी बावीतलां साधां पाणी घालूचां," आत्या ओरडली.

"बरां," लवू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गावातल्या तातूच्या मिठागरावरून चालला होता. बघतो तर सगळं पाणी आटलेलं! लवूला तातूची दया आली. दिवसभर खपून त्यानं विहिरीच्या कळश्या ओतल्या. पिकलेलं मीठ विरघळून गेलं.

तातू बोंबलत आला. "गाढवा, पांढरां दिसलां की पाणी नाय घालूचां! फळयेन ओढून काठार ढीग घालूचो!"

"बरां."

लवू घरी आला. टाकीत पांढरं शेवाळ दिसलं. त्यानं ते फळीनं ओढून सगळंच्या सगळं बाहेर काढलं. ढीग मात्र झकास घातला होता.

आत्यानं कपाळावर हात मारला. मास्तर यायला चारच दिवस उरलेले. ती धावतपळत जाऊन एका ओळखीच्या घरून नवं शेवाळ घेऊन आली, पाणी भरलेल्या पिशवीतून. मग लवूला समोर बसवलं.

"नीट आयक. नवीन येता त्येका एकदम आत सोडूचां नाय, बिचकता. आदी पिशयेसकट तरंगत ठेय. मगे आपलां पाणी पिशयेत घाल, वाटयेवाटयेन. भरली की सोड."

आणि नवल काय सांगावं! लवूनं अगदी तसंच केलं. शेवाळ तरारलं. आत्याला रडूच आलं. "माझो लवू शाणो झालो!" म्हणून तिनं शेजारी साखर वाटली.

ठरल्या दिवशी मास्तर, मास्तरीणबाई आणि मुलगी होडीनं आली. आत्या वडे तळत होती. "लवू, जा, पावण्यांका घेवन ये."

वडे गार झाले तरी कुणाचा पत्ता नाही. शेवटी लवू एकटाच आला, कमरेपर्यंत भिजलेला, हातात वाटी.

"पावणे खंय?"

"नवीन मा ते? होडयेसकट तरंगत ठेवलंय. मास्तर उतराक बघी होते, मी बांबून आत ढकललंय. मगे पाणी घातलंय, वाटयेवाटयेन."

"कशात?"

"होडयेत. वेळ लागलो गो आत्ये. ते भायर उपसत होते, मी आत घालत होतंय. आत्ताच भरली."

आत्या किंचाळत खाडीवर धावली. होडी तळाला गेली होती. गळ्याइतक्या पाण्यात मास्तर, मास्तरीणबाई आणि नवरी मुलगी जिवाच्या आकांतानं धडपडत होती.

लवू मागून आला. त्यानं तिघांकडे निरखून बघितलं आणि समाधानानं मान डोलावली.

"बघ, कशे हातपाय हलवतत. मानवलां त्येंका आपलां पाणी!"